'मूल म्हणजे कोरी पाटी' हे वाक्य घडीपत्रिकेत ठेवायचं की काढायचं?

पाटीपेन्सिल

अंगणवाडी ताई आणि पहिलीचे शिक्षक यांच्यासाठी चार पानी घडीपत्रिका तयार होते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत वापरायची. मसुद्यातलं पहिलंच वाक्य : 'मूल म्हणजे कोरी पाटी, आपण लिहू तेच उमटतं.' काहींना ते नको आहे, त्यांनी 'मूल म्हणजे बी' सुचवलंय. आणखी एकांचा 'मातीचा गोळा' आहे. तिन्ही उपमा कानाला गोड आहेत, पण खरं काय ते एकीतूनही कळत नाही.

हा विचार मुळात कुणी, कशासाठी मांडला? आज त्यातलं काय टिकतं? आणि ताईंनी त्यावरून नेमकं काय वेगळं करायचं? 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको. तेवढं मसुद्यात आधीच आहे.

तापीकाठ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

ही पाटी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या नावावर खपते, पण १६८९ साली आलेल्या त्याच्या निबंधात पाटी नाहीच. तिथे 'काहीही न लिहिलेला पांढरा कागद' आहे. पाटी आली लॅटिन 'तबुला रासा'मधून. रोमन मुलं लाकडी फळीवर मेणाचा थर देऊन त्यावर टोकदार काडीने लिहीत. पुसायचं झालं की काडीच्या दुसऱ्या, चपट्या टोकाने मेण सारखं करायचं. म्हणजे 'रासा' याचा नेमका अर्थ 'कोरी' नव्हे, 'खरवडून साफ केलेली'. फळीची उपमा त्याहून कितीतरी जुनी, ॲरिस्टॉटलची : बुद्धी ही अजून प्रत्यक्ष काही न लिहिलेल्या फळीसारखी.

लॉकचा रोख कशावर होता ते पाहिलं की गोंधळ कमी होतो. काही तत्त्वं देवाने जन्मतःच मनावर कोरून पाठवली आहेत, म्हणून त्यांना प्रश्न विचारायचा नाही, असं तेव्हा सर्रास सांगत. लॉक म्हणाला, जन्मजात तत्त्वं नाहीत, जन्मजात कल्पनाही नाहीत. पण लक्षात ठेवणं, दोन गोष्टी ताडून बघणं, सुख-दुःख जाणवणं या *शक्ती* त्याने नाकारल्या नाहीत. कागद कोरा, पण हात, दौत आणि डोळा जागेवर. 'कशाचंही काहीही करता येतं' हे लॉकचं म्हणणं नव्हे, ते दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने जोडलं. डझनभर निरोगी बाळं द्या, हव्या त्या धंद्याचा माणूस घडवून देतो, ही त्याची फुशारकी सगळे उद्धृत करतात. त्याच्या पुढच्याच वाक्यात 'मी माझ्या पुराव्याच्या पुढे जातो आहे, हे कबूल' असं तो म्हणतो. ते वाक्य सगळीकडे गळतं.

लॉकला खरं उत्तर जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझचं. त्याने ते १७०४ साली लिहिलं, पण त्याच वर्षी लॉक वारला म्हणून छापलं नाही. छापून आलं १७६५ साली, तेव्हा लाइबनिझलाही जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाली होती. त्याची उपमा शिरा असलेल्या संगमरवराची : मूर्ती घडवावी लागतेच, पण दगडातल्या शिरा कुठली मूर्ती सहज निघेल ते आधीच सुचवत असतात.

आपल्याकडेही हा वाद आहे, आणि तोही बाळावरूनच. न्यायसूत्रं हा तर्कशास्त्राचा जुना ग्रंथ. त्याच्या तिसऱ्या अध्यायात त्याचा कर्ता गौतम विचारतो, नुकतं जन्मलेलं मूल स्तनाकडे का वळतं? त्याचं उत्तर, मागच्या जन्मातल्या सवयीमुळे. त्याला आत्म्याचं नित्यत्व सिद्ध करायचंय. प्रतिपक्ष म्हणतो, छे, लोखंड चुंबकाकडे जातं तसंच हे. त्यावर उत्तर येतं की लोखंड चुंबकाकडेच जातं, दुसऱ्या कशाकडे जात नाही, मग त्या नेमकेपणालाही कारण हवं. पुनर्जन्म बाजूला ठेवा, पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे : बाळ काहीतरी घेऊन येतं. भांडण ते कुठून आणतं यावर आहे. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या मुलखात एवढं तरी माहीत असायला हरकत नाही.

गिरणाथडी

छान. पण ताईंना न्यायसूत्रं नकोत हो. सरळ लिहून टाका, ६० टक्के जनुकांचं, ४० टक्के संस्कारांचं. जुळ्यांवरच्या अभ्यासांत असे आकडे येतातच की.

केळीरास

नाही, गिरणाथडी, हे मात्र छापू नका. या आकड्याचा अर्थ भल्याभल्यांना चुकतो. रावेर-यावलच्या केळीवरून लवकर समजेल.

टिश्यूकल्चरची ग्रँड नैन जातीची बाग घ्या. ५ बाय ५ फुटांवर लावली तर हेक्टरी साधारण ४,३०० झाडं. सगळी एकाच मातृझाडाची नक्कल, जनुकं तीच (लॅबमध्ये क्वचित एखादं रोप बिघडतं, ते सोडा). तरी एक घड १८ किलोचा आणि दुसरा २८ किलोचा निघतो. हा दहा किलोंचा फरक कशाने? ड्रिपच्या शेवटच्या टोकाला दाब कमी, कुठे मुरमाड पट्टा, कुठे निसवण (घड बाहेर पडणं) थंडीत सापडली, कुठे करप्याने पानं गेली. जनुकांचा यात वाटा शून्याच्या जवळ. म्हणजे या बागेत घडाच्या वजनाची हेरिटॅबिलिटी (फरकातला जनुकांचा वाटा) जवळपास ०. याचा अर्थ घड जनुकांशिवाय आला, असा होतो का?

आता दुसरी बाग. जमीन एकसारखी, पाणी-खत मोजून सारखं, पण झाडं मिसळलेली : ग्रँड नैन, बसराई, श्रीमंती. इथे घडांतला बहुतेक फरक जातीचा. हेरिटॅबिलिटी एकदम वर. केळी तीच, घड तोच, आकडा मात्र ० वरून ८०-९० टक्क्यांवर गेला.

म्हणजे हा आकडा एका झाडाबद्दल काही सांगत नाही. एका ठरावीक बागेत, ठरावीक परिस्थितीत *झाडाझाडांमधल्या फरकाचा* किती भाग जनुकांच्या फरकातून येतो, एवढंच तो सांगतो. 'माझी ६० टक्के बुद्धी बापाकडून आली' हे वाक्य म्हणूनच निरर्थक. एका माणसात वाटणी करताच येत नाही. खोली लांबीमुळे मोठी की रुंदीमुळे, असं विचारण्यातला प्रकार.

तिसरी बाग मोठ्या चुकीची. तीच मिसळलेली रोपं अर्धी काळ्या कसदार रानात, अर्धी बरड रानात लावा. प्रत्येक रानाच्या आत फरक जातीचा. पण दोन रानांच्या सरासरी राशीतला फरक सगळाच्या सगळा जमिनीचा. आतली हेरिटॅबिलिटी कितीही असो, त्यावरून दोन गटांमधल्या फरकाचं कारण निघत नाही. रिचर्ड लेवॉन्टिनने १९७० साली बियाण्यांचं उदाहरण घेऊन हेच दाखवलं होतं. तरी 'अमुक समाजाची मुलं गणितात मागे, जनुकंच तशी' असं बोलणारे आजही भेटतात.

पाटीपेन्सिल

हे फार कामाचं. पण माणसांत हा आकडा काढतात कसा? आपण लग्नं लावून बाग तर लावत नाही.

केळीरास

जुळ्यांवरून. एकाच गर्भपेशीतून झालेली जुळी (एकबीज) जनुकांनी जवळपास शंभर टक्के सारखी. दोन वेगळ्या बीजांची (द्विबीज) सख्ख्या भावंडांएवढी, सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारच्या पुष्कळ जोड्या घ्यायच्या, गुण मोजायचा, जोडीतल्या दोघांचं साम्य म्हणजे सहसंबंध काढायचा. समजा एकबीजांत ०.८० आला, द्विबीजांत ०.५०. (आकडे हिशोबापुरते.)

जनुकांचा वाटा : २ × (०.८० − ०.५०) = ०.६०
एका घरात वाढल्याचा सामाईक वाटा : २ × ०.५० − ०.८० = ०.२०
उरलेला, ज्याचा त्याचा वेगळा वाटा, मोजमापातल्या चुकांसह : १ − ०.८० = ०.२०

हा आनुवंशशास्त्रज्ञ फाल्कनरचा हिशोब, पाचवीच्या गणिताचा. फसतो तो पुढीलप्रमाणे.

जुळी ओळखण्यातच चूक होते. 'वार (प्लासेंटा) दोन होत्या, म्हणजे वेगळी जुळी' असं सुईणीपासून डॉक्टरांपर्यंत बरेच जण सांगतात. एकबीज जुळ्यांपैकी पाव ते तिसऱ्या हिश्श्यात वार वेगवेगळ्याच असतात. बीज फार लवकर दुभंगलं तर असं होतं. खात्री फक्त डीएनए तपासणीने. खरी एकबीज जोडी चुकून द्विबीजांत गेली की द्विबीजांचं साम्य फुगतं आणि जनुकांचा वाटा कमी दिसतो.

दुसरी, लोक लग्न करताना शिक्षण, उंची बघून आपल्यासारखाच जोडीदार निवडतात. मग भावंडं निम्म्याहून जास्त सारखी होतात. इथेही जनुकांचा वाटा कमी, घराचा जास्त दिसतो.

तिसरी, एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांना लोक वागवतातही एकसारखं. हा फरक त्या गुणावर परिणाम करत असेल तर जनुकांचा वाटा उलटा फुगतो.

आणि ताळा : एकबीज ०.५०, द्विबीज ०.१५ आले तर उत्तर ०.७०. हे एकबीजांच्या साम्यापेक्षाच मोठं, म्हणजे अशक्य. असं आलं की एकतर नमुना लहान आहे, नाहीतर जनुकं नुसती बेरजेने काम करत नाहीत. सूत्र बंद करून दुसरी पद्धत घ्यायची.

२०१५ साली पन्नास वर्षांतले असे २,७४८ अभ्यास एकत्र केले गेले. १७,८०४ गुण, जुळ्यांच्या सुमारे १ कोटी ४५ लाख जोड्या. सरासरी आली ४९ टक्के. म्हणजे मोजलेल्या जवळजवळ सगळ्या गुणांत पाटी कोरी नाही, आणि जवळजवळ एकाही गुणात ती आधीच भरलेली नाही. यापलीकडे त्या सरासरीतून फार काही काढू नये, असं माझं मत. शरीर आणि मन, सगळं त्यात मिसळलेलं आहे.

सगळ्यात बोलका आकडा मला वेगळाच वाटतो. २००३ साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर एरिक टर्कहाइमरने काम केलं. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातला बराचसा फरक जनुकांचा. गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळपास नाहीसा आणि सुमारे ६० टक्के घराचा. बरड रानात जात कुठली ते दिसतच नाही, तसं. युरोपातल्या नंतरच्या अभ्यासांत हा फरक इतका उठून दिसला नाही, हेही सांगायला हवं. तिथे गरिबांनाही दवाखाना आणि शाळा बऱ्या मिळतात, हे त्याचं एक संभाव्य कारण.

सातपुडा_०७

नंदुरबारमध्ये या विषयाला आणखी एक फाटा आहे. इथे 'जनुक' हा शब्द लोकांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे ऐकलाय. तपासणीनंतर मिळणारं लाल कार्ड, पिवळं कार्ड सगळ्यांना माहीत. आई-वडील दोघंही वाहक असतील तर *प्रत्येक* गरोदरपणात २५ टक्के शक्यता आजाराची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के काहीच नसल्याची. एक जनुक, त्यातलं एक अक्षर बदललं, एक आजार. मग ताई-आशा साहजिकच विचारतात, 'हुशारीचं जनुक कुठलं?' तसं एक नसतं. बुद्धी, स्वभाव यांत हजारो जनुकीय फरक, प्रत्येकाचा वाटा नखाएवढा. पत्रिकेत एक ओळ असूच द्या : मनाचे गुण सिकलसेलसारखे वारशाने येत नाहीत.

उलट बाजूही. 'जनुकात आहे म्हणजे इलाज नाही' हे साफ खोटं. फिनाइलकीटोन्युरिया हा सिकलसेलसारखाच एका जनुकाचा आजार. मूल जन्मतः ठीक, पण फिनाइलॲलनीन हा प्रथिनांतला घटक पचत नाही, ते साठून मेंदू खराब होतो. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन पहिल्या काही दिवसांत ओळखलं आणि त्या द्रव्याचा आहार मोजून दिला तर मूल नीट वाढतं. आजार शंभर टक्के जनुकाचा, उपाय शंभर टक्के ताटातला.

डोळस

पाटीवर *केव्हा* लिहायचं, हा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. माझ्या मते अख्ख्या पत्रिकेचं बळ तिथेच आहे.

लॉकला त्याचा मित्र मॉलिनो याने १६८८ साली एक प्रश्न पाठवला होता. जन्मांध माणूस हाताने चाचपून गोळा आणि घन ओळखतो. त्याला एकदम दिसायला लागलं, तर न शिवता, नुसतं बघून तो ते ओळखेल का? दोघंही म्हणाले, नाही. उत्तराला सव्वातीनशे वर्षं लागली आणि ते भारतात मिळालं. अंध मुलांना दृष्टी मिळवून देणाऱ्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी ८ ते १७ वयाची, जन्मापासून न दिसणारी पाच मुलं घेतली. शस्त्रक्रियेनंतर ४८ तासांच्या आत चाचणी, खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या आकारांच्या २० जोड्या. हाताने चाचपलेलं हातानेच ओळखणं ९८ टक्के. बघितलेलं बघून ओळखणं ९२ टक्के. पण चाचपलेलं *बघून* ओळखणं ५८ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतं. लॉक बरोबर निघाला. पण पुढे काय झालं ते बघा : काही दिवसांत, खास शिकवण न देता, तीच मुलं ८० टक्क्यांच्या वर गेली. जोडणी तयार नव्हती, जोडायची तयारी मात्र होती.

मात्र सगळं असं उशिरा भरून निघत नाही. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धडधाकट, पण मेंदूतल्या त्याच्या पेशी दुसऱ्या डोळ्याने बळकावलेल्या. दोन्ही डोळे बंद ठेवले तर एवढं नुकसान होत नाही. म्हणजे नुसता उजेडाचा अभाव नडत नाही, शेजाऱ्याने बांध कोरलेला नडतो. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर काही बिघडत नाही. आणि ज्या पिल्लांनी काहीच पाहिलेलं नव्हतं, त्यांच्याही मेंदूत आडव्या-उभ्या रेषा ओळखणाऱ्या पेशी होत्याच. तारा ओढून आलेल्या, वापर झाला तर टिकणाऱ्या.

म्हणून व्यवहारात : जन्मजात दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण ६ आठवड्यांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असेल तर ८ आठवड्यांच्या आसपास. एका डोळ्याची घाई जास्त का, ते वरच्या बांधावरून कळेल. शस्त्रक्रियेवर काम संपत नाही, चष्मा किंवा लेन्स आणि चांगल्या डोळ्याला ठरलेले तास पट्टी लागते. पट्टीचा कंटाळा आला की केलेलं पाण्यात. ताईंनी बघायचं एवढंच : बाहुली पांढुरकी दिसते का, फोटोत एकाच डोळ्यात पांढरी चमक येते का, तीन महिन्यांचं बाळ चेहऱ्यामागे नजर फिरवतं का. शंका आली की 'मोठं झाल्यावर दाखवू' म्हणायचं नाही.

कानाचंही तेच, १-३-६ : एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत यंत्र-उपचार सुरू. टाळी वाजवून बघणं ही तपासणी नव्हे. बाळ वाऱ्याच्या झोताला, सावलीलाही वळतं. ओएई (कानाच्या आतला प्रतिसाद मोजणारी यंत्र-तपासणी), आणि त्यात शंका आली तर बेरा (आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी). राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, पण नवजात बाळाने पथकाची वाट बघायची नाही. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठायचं.

कापूसकोंड्या

मेंदूच्या जोडण्यांबद्दल भर. बघण्याच्या भागात त्या साधारण आठव्या महिन्यात सर्वात जास्त असतात, मग कमी होत जातात. कपाळामागच्या भागात ही छाटणी किशोरवयापर्यंत चालते. कपाशीची विरळणीच ही. दाट पेरायचं आणि जे जोमात आलं ते ठेवून बाकी उपटायचं. पाटीवर लिहिण्याच्या बरोबर उलटं. इथे शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी *पुसणं*.

वढाय

माझा आयडीच वादाचा विषय आहे. प्रमाण मराठीत ओढाळ, आमच्याकडे वढाय. डोळा–डोया, काळा–काया, केळी–केयी. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, अहिराणीत 'ण'चा 'न'ही : पानी, कोन. या पत्रिकेत भाषेवर अर्धं पान हवंच. पहिलीत आलेल्या पोराला शिक्षक कोरी पाटी समजतात ती मुख्यतः भाषेत.

पाटी किती लवकर भरते ते आपल्याच त-ट वरून कळलंय. १९८४ साली वर्कर आणि टीस यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता, इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना कळत नव्हता. १० ते १२ महिन्यांपर्यंत बाळांनाही कळेनासा झाला. हिंदी घरातल्या बाळांचा मात्र टिकला. बाळ *सगळ्या* भाषांना तयार होऊन येतं आणि वर्षभरात न लागणारं सोडून देतं. आपण तरी इंग्रजीतले दोन 'व' कुठे वेगळे ऐकतो?

आणि सुरुवात जन्माच्याही आधी. पोटातल्या बाळाला शेवटच्या तीन महिन्यांत ऐकू येतं. २००९ साली २ ते ५ दिवसांच्या ३० फ्रेंच आणि ३० जर्मन बाळांचं रडणं मोजलं. फ्रेंच रडणं चढत्या सुराचं, जर्मन उतरत्या, आपापल्या भाषेच्या ढंगाने. अहिराणी बाळांचं कुणी मोजावं.

नियम शोधणं तर शिकवावंच लागत नाही. तीन वर्षांचं पोर 'मी करलं' म्हणतं. घरात सगळे 'केलं' म्हणत असताना हे कुठून आलं? 'भरलं, धरलं' ऐकून त्याने नियम बसवला आणि अपवादालाही लावला. नुसतं उमटवणारी पाटी असती तर 'केलं'च उमटलं असतं. (काही बोलींत 'करलं'च बरोबर आहे, तिथे उदाहरण बदला.)

एक इशारा. मोबाइलवर गाणी लावून भाषा येत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेची १२ सत्रं दिली, प्रत्येकी सुमारे २५ मिनिटांची. समोर माणूस बसून खेळला-बोलला त्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता आले. तेच माणूस, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, त्यांना काहीच नाही.

पांझराकाठ

तुमनं म्हननं बराबर शे, पन मंग पहिलीना मास्तरनी कराणं काय? 'डोया' वाचं ते चूक देवानी का बरोबर?

वढाय

वाचन म्हणून बरोबर, उच्चार म्हणून वेगळी नोंद. 'डोळा' हा शब्द बघून पोर 'डोया' म्हणालं आणि बोट डोळ्याकडे नेलं, म्हणजे अक्षर ओळखलं, अर्थ कळला, फक्त घरच्या ध्वनीत बोललं. दोन्हींना एकच फुली मारली तर ते गप्प बसायला शिकतं.

ध्वनी शिकवायचाच तर आधी कान, मग जीभ, मग अक्षर. रोज दहा मिनिटं पुरे. जोड्या : बाल–बाळ, मूल–मूळ, पाल–पाळ, मन–मण, तन–तण. पहिले आठ-दहा दिवस मुलांनी बोलायचंच नाही. शिक्षकाने तोंड झाकून शब्द म्हणायचा, मुलांनी दोनपैकी एका चित्रावर खडा ठेवायचा, चूक की बरोबर ते लगेच सांगायचं. एकाच माणसाचा आवाज नको. दोन-तीन वेगळे आवाज घ्या, नाहीतर मुलं ध्वनीऐवजी त्या माणसाची लकब पाठ करतात. दहात आठ बरोबर यायला लागले की जीभ : ल म्हणताना शेंडा दातांमागे, ळ साठी मागे वळवून टाळूवरून पुढे झटका. मग लिहिणं. उलट्या क्रमाने केलं तर मुलं ळ लिहितात आणि य ऐकतात. श्रुतलेखनात 'काया'चं 'काळा' करता करता 'गाय'चंही 'गाळ' होतं.

आणि हे सहाव्या वर्षीही जमतं. वर्षाच्या बाळाचा कान बंद होत नाही, त्याला सवय लागते. सवय मोडायला जास्त फेऱ्या लागतात, इतकंच.

पावरी, मावची, भिली घरातल्या मुलांना हे पुरणार नाही. तिथे शब्दच वेगळे. पहिले काही महिने तोंडी काम घरच्या भाषेतच हवं.

शेतमित्र_चोपडा

प्राण्यांत 'काहीही कशाशीही जोडता येतं' हे खोटं आहे, ते उंदीर मारणाऱ्या प्रत्येकाला माहीत. झिंक फॉस्फाईडचं आमिष थेट ठेवलं की पहिल्या रात्री थोडं खाल्लेला, न मेलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही. म्हणून आधी २-३ दिवस नुसता भरडा आणि तेल. सवय झाली की ९६ भाग भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग औषध. हाताने कालवायचं नाही, उरलेलं पुरायचं.

गार्सिया आणि केलिंग यांनी १९६६ साली याचं कारण दाखवलं. चवीनंतर मळमळ आली तर उंदीर चवीला दोष देतो. मळमळीच्या आधी दिवा आणि आवाज होता, तर त्यांना देत नाही. शॉक दिला तर नेमकं उलट : दिव्याला घाबरतो, चवीला नाही. वॉटसनच्या परंपरेत कुठलीही खूण कुठल्याही परिणामाला सारखीच चिकटायला हवी होती.

गिरणाथडी

६०-४० मागे घेतो. पण एक भीती आहे. 'पाटी कोरी नाही' असं छापलं की गावात त्याचा अर्थ 'रक्तातच असतं' होणार. त्या मुलखात आपण राहतो.

सातपुडा_०७

भीती खरी आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची बैठक हीच होती, की चोरी धंद्यासारखी बापाकडून मुलाकडे येते. १९११ला तो मुंबई इलाख्यातही आला, पारध्यांसारख्या अख्ख्या समाजांवर हजेरी लागली. रद्द व्हायला १९५२ उजाडलं. कोरी पाटी लोकांना प्रिय आहे ती यामुळे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. केळीरास यांची तिसरी बाग म्हणूनच पत्रिकेत चित्रासकट हवी.

पण कोऱ्या पाटीनेही माणसं चिरडली आहेत. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आयांना १९५०-६०च्या दशकांत 'तुम्ही थंडपणे वागलात म्हणून' असं सांगत. पाटी कोरी, तर वाईट लिहिणारी आईच. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ मध्ये दोघंही स्वमग्न, १० द्विबीजांपैकी एकाही जोडीत नाही. तरी आजही मूल दोन वर्षांचं होऊन बोलत नसेल तर ताई आधी आईलाच विचारतात, 'घरात बोलत नाही का तुम्ही?' हे वाक्य पत्रिकेत 'म्हणू नये' म्हणून छापा.

बिटबाइट

अवांतर : संगणक शून्यातून शिकतो म्हणणाऱ्यांसाठी. २०१७चा अल्फागो झिरो हा संगणकी प्रोग्रॅम माणसांचा एकही डाव न बघता 'गो' हा पटावरचा खेळ शिकला, खरंय. पण पट, नियम, शोधायची पद्धत आणि आतल्या कृत्रिम मज्जाजाळ्याची रचना आधी दिली होती. लाइबनिझच्या शिरा त्याच.

डोळस

अनाथालयांचा पुरावा राहिला. बुखारेस्टमध्ये संस्थेतली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं घेतली, चिठ्ठी टाकून निम्मी पालक-कुटुंबांत दिली. साडेचार वर्षांच्या वयात सरासरी बुद्ध्यंक : संस्थेत राहिलेली ७३, कुटुंबात गेलेली ८१, कधीच संस्थेत नसलेली १०९. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सुधारणा जास्त. खाणं-कपडे संस्थेतही होते. एका ठरावीक माणसाचं वारंवार उत्तर देणं नव्हतं. बाळ हुंकारतं, कुणीतरी हुंकारून उत्तर देतं, ही देवघेव. ताईंना नेमकं हेच सांगा : बाळाने आवाज केला की थांबून उत्तर द्यायचं, दिवसातून जमेल तितक्यांदा.

सातपुडा_०७

मीठही. मेंदू घडताना आयोडीन कमी पडलं तर नंतर भरून निघत नाही. घरात पोचलेल्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) हवं. आशाकडच्या संचातला थेंब टाकला की मीठ जांभळं होतं, पांढरंच राहिलं तर आयोडीन नाही. सुटं खडेमीठ लोणच्याला ठीक, गरोदर बाईच्या रोजच्या भाजीत नको. बरणी झाकून, चुलीपासून लांब.

पाटीपेन्सिल

पहिल्या पानाचा नवा मसुदा :

'मूल कोरं येत नाही. ते ऐकलेलं घेऊन येतं, चेहरा शोधतं, नियम बसवतं. काय फुलेल ते जमीन, पाणी आणि वेळ यांवरही ठरतं. काही गोष्टींना वेळ चुकवून चालत नाही : डोळ्यातला दाट मोतीबिंदू ६ ते ८ आठवडे, ऐकण्याची तपासणी ६ महिन्यांच्या आत. घरची भाषा पुसायची नाही, तिच्या शेजारी दुसरी लिहायची.'

चालेल?

डोळस

दुरुस्त करा. तपासणी *एका* महिन्यात. सहा महिने ही यंत्र लावून शिकवणं सुरू व्हायची शेवटची हद्द आहे. असंच छापलं तर सगळे सहाव्या महिन्यात तपासणीला येतील, आणि निदानाची तारीख मिळेपर्यंत बाळ वर्षाचं होईल.

वढाय

'पुसायची नाही' हे ठीक. पण खाली 'डोया–डोळा' अशी निदान एक जोडी छापा, नाहीतर कुणाला कळणार नाही कशाबद्दल बोलतोय. आणि 'शेजारी' म्हणजे त्याच तासात, दोन्ही शब्द फळ्यावर.